गावाचा विरोध आणि गावकुसाबाहेरचा माणूस

‘शहराचा कचरा आमच्या शेतात नको’ ही घोषणा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांनी ती वर्षानुवर्षे दिली. आमच्या रायगड जिल्ह्यात तळोजाजवळ घोट-चाळ परिसरातील गावकऱ्यांनी सिडकोच्या क्षेपणभूमीविरुद्ध ती दिली. अलिबाग तालुक्यात ती ऐकू येण्याचा दिवसही फार दूर नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईचा पैसेवाला शनिवार-रविवारी अलिबागला येऊन बसू लागला. त्याच्या बंगल्याचा, रिसॉर्टचा, हॉटेलचा कचरा जाणार कुठे? लहान ग्रामपंचायतींना तो झेपणारा नाही. अशा वेळी ‘तालुक्यासाठी एक सामाईक प्रकल्प’ या नावाची फाईल निघते आणि त्या फाईलमध्ये एक गट नंबर लिहिलेला असतो. तो गट नंबर कोणाचा, हा आमचा प्रश्न आहे.

आधी उरुळी-फुरसुंगीकडे पाहू, कारण पुढे काय काय होते ते सगळे तिथे घडून गेले आहे. पुणे महापालिकेचा डेपो त्या शिवारात वाढत वाढत १६३ एकरांवर गेला. विहिरींचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही, गाव टँकरवर आले. २०१० च्या सुमारास रोज हजार टन कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचा गाजावाजा करून खासगी कंपनीचा प्रकल्प उभा राहिला, तो नीट चाललाच नाही. २०१५ च्या सुरुवातीला गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. सरकारने मुदत मागून घेतली, मुदत संपली, कचरा येतच राहिला. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी पुन्हा गाड्या रोखल्या आणि तीन आठवडे पुण्याचा कचरा पुण्यातच कुजला. मगच मुख्यमंत्र्यांना त्यांच्याशी बोलायला वेळ मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावे महापालिकेत घेतली गेली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली गेली. गावांची हद्द दोनदा बदलली, डेपोची जागा तीच राहिली.

हा लढा न्याय्य होता, हे आम्ही कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. पण वकिलीच्या धंद्यात आम्हाला एक सवय लागली आहे. ‘गावकऱ्यांचा विरोध’ असे शब्द आले की आम्ही विचारतो, गावकरी म्हणजे कोण? अशा प्रत्येक आंदोलनात मागण्यांची यादी जवळपास सारखीच असते: जमिनीचा वाढीव मोबदला, जमीन गेलेल्यांच्या वारसांना नोकरी, पाण्याची लाईन. यातल्या पहिल्या दोन मागण्या सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या आहेत. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याचा वारस कोणत्या यादीत बसणार? अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उद्या ‘कांदा वाचवा’ असा फलक लागला तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. पण तो कांदा लावायला, बेणायला, काढायला जो मजूर येतो त्याचे नाव त्या फलकावर कुठे असेल?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने हा प्रश्न थोडा तरी ओळखला. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी यांनाही त्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ मानले. अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात स्वतंत्र तरतूद आहे. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की हा कायदा जमीन संपादन केली तरच लागू होतो. गुरचरण, गायरान, सरकारी पड यांचे संपादन करावेच लागत नाही. ती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे वर्ग होते. मोबदला नाही, पुनर्वसन नाही, हरकत घ्यायला खातेदार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जागा शोधून देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवले, तेव्हा नकाशावर बोट कुठे गेले असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

कागदावर ‘पड’ असलेल्या जमिनीवर नाचणी-वरी पिकते. तिथे बौद्धवाडीतल्या माणसाचा तुकडा असतो, कातकऱ्याची झोपडी असते. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले. तो याच जमिनीसाठी होता. त्या रेट्याचा परिणाम म्हणून पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. किती जणांची झाली? ज्याच्याकडे दंडाची पावती नाही, ज्याची नोंद तलाठ्याने गाव नमुना १-ई मध्ये कधी घेतलीच नाही, तो आजही अतिक्रमणदारच आहे. अधिकारी त्याच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग खटल्यातील निकाल फेकतात. निकालाचा अर्धाच भाग वाचण्याची त्यांना खोड आहे. सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढा असे सांगणाऱ्या त्याच निकालाने, शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल तर अपवाद करता येईल, असेही म्हटले आहे.

इथे आमची खरी भीती सांगतो. गावाचा विरोध तापला की तहसील कचेरीत बैठक होते आणि तडजोड निघते: बागायती वगळा, वरकस जमीन सोडा, पलीकडचे गुरचरण घ्या. गुलाल उधळला जातो, आंदोलन जिंकले असे जाहीर होते. प्रकल्प मात्र रद्द झालेला नसतो, तो सातबाऱ्यावरून उठून बौद्धवाडीच्या आणि कातकरवाडीच्या उशाशी गेलेला असतो.

हे सगळे मोजमापातसुद्धा लपवता येते. २०१६ च्या नियमांत भरावभूमी वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, तलावापासून २०० मीटर, नदीपासून १०० मीटर दूर असावी असे घालून दिले होते. २०० मीटर, पण टेप कुठून धरायची? भूमापनातल्या गावठाणाच्या हद्दीपासून धरली तर अनेक वाड्या हिशेबातच येत नाहीत, कारण त्या गावठाणाबाहेर आहेत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला आता नकाशाच्या बाहेर ठेवायचे, एवढाच फरक. आणि कोकणात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी उतार धरून वाहते, त्या उताराला पहिली विहीर कोणाची आहे, हे कागदात कुणी लिहीत नाही.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, बागायतदारांचे भांडण आहे, आपल्याला काय करायचे? प्रकल्प आला तर दोन पोरांना काम तरी मिळेल. हातमोजे नसलेल्या ठेकेदारी कामाला ज्यांना नोकरी म्हणायचे आहे त्यांनी म्हणावे. कचरा उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले, ते आम्ही या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायची गरज नाही. राहिला भांडणाचा प्रश्न. याच तालुक्यातल्या चरीला २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायची नाही असे ठरवले. तो संप १९३९ पर्यंत टिकला. बाबासाहेब त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कूळ आगरी की कुणबी की महार, हे त्यांनी विचारले नाही. पुढे १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला जमीन दिली आणि निव्वळ मजुरी करणारा तसाच राहिला, हेही तितकेच खरे. म्हणून विरोधात आपण असलेच पाहिजे, पण स्वतःची मागणी घेऊन.

अमेरिकेत १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटी या बहुसंख्य काळ्या लोकांच्या शेतकरी भागात विषारी माती पुरण्याची जागा ठरली. लोक ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. प्रकल्प त्यांना थांबवता आला नाही. पण घातक कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा संबंध काय, याचा देशभर अभ्यास १९८७ मध्ये एका चर्च संघटनेने प्रसिद्ध केला तो त्यातूनच. आपल्याकडे कचरा डेपो आणि जात यांचा असा हिशेब कोणत्या सरकारने मांडला?

आता कामाचे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार सामाईक घनकचरा प्रकल्पाला जनसुनावणी लागू शकते. पण प्रकल्प ‘ब-२’ वर्गात टाकला की सुनावणीच टळते, म्हणून वर्ग कोणता ठरवला ते आधी विचारायचे. सुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस हवी, अहवालाचा सारांश मराठीतही हवा. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे आपण गेलो नाही तरी ती कायदेशीरच ठरते. वर्तमानपत्र जिथे पोचत नाही तिथे दवंडी पिटण्याची सोय त्या अधिसूचनेतच आहे. वाडीत दवंडी झाली नसेल तर तो पहिला आक्षेप. तोंडी भाषण करून टाळ्या घेण्यापेक्षा लेखी हरकत द्या, पोच घ्या. तिच्यात गट नंबर, कसणाऱ्यांची नावे, प्रत्येक वाडीच्या शेवटच्या घरापासूनचे अंतर आणि प्रत्येक विहीर लिहा.

कचऱ्याचे काय करायचे, हे विचारणाऱ्यांना पुण्याकडेच बोट दाखवता येते. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना तिथे १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातल्या बहुसंख्य दलित. २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघर जाऊन कचरा गोळा करते. ओला-सुका वेगळा करून जिथला कचरा तिथेच जिरवला तर दूरच्या शिवारात न्यायला फारसे काही उरत नाही. अलिबागच्या रिसॉर्टवाल्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा. त्यांच्याकडे गुंठ्यांची कमतरता नाही.

फाईल येण्याची वाट पाहू नका. गाव नमुना १-ई चा उतारा, गुरचरणाच्या गट नंबरांची यादी आणि गावठाण हद्दीचा नकाशा, या तीन कागदांसाठी प्रत्येक वाडीने आत्ताच माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपिलाचा मसुदा आम्ही करून देऊ.