दोन तारा काढल्या म्हणून

गिटारला तारा जोडणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो आणि तारा काढणाऱ्याला अडाणी. हा दुजाभाव मला मान्य नाही. तो संगीताच्या नावाखाली मिरवणाऱ्यांविषयी मला आदरही नाही.

मी काशीत राहतो. दशाश्वमेधाच्या आरतीची गर्दी पांगली की शेजारच्या अहिल्याबाई घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर वाजवत बसतो. माझी गिटार सहा तारांची होती, आता तिच्यावर चारच आहेत. एका संध्याकाळी पुण्याहून आलेले एक गृहस्थ थांबले. बोलण्यावरून जाणकार वाटत होते. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज चढला. "अहो, पांगळं केलंत हे वाद्य! काशीत बसून असले उद्योग? इथे परंपरा नावाची काही चीज आहे!" सूर ऐकायला ते थांबले नाहीत. खुंट्या मोजल्या, दोन रिकाम्या दिसल्या आणि निकाल देऊन मोकळे झाले.

कुठली परंपरा? सोळाव्या शतकात युरोपात जिला गिटार म्हणत, तिच्यावर तारांचे चारच संच असत. पुढे पाच झाले. सहा सुट्या तारांची गिटार रुळली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे अहिल्याबाईंनी हा घाट बांधून घेतला साधारण त्याच काळात. ज्या पायरीवर उभं राहून हे गृहस्थ परंपरा सांगत होते, तिच्याहून ती सहा तारांची परंपरा फारशी जुनी नाही. आणि चार तारांना उणं म्हणायचं असेल तर ते आधी तंबोऱ्याला म्हणून दाखवा. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यापुढे गवई हात जोडतात, त्याला बहुधा चारच तारा असतात. तो घडवणाऱ्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांचा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी हत्यारं बाजूला ठेवून भोपळा हातात घेतला, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. परंपरा मोडून दुसरं काही करणाऱ्या माणसांच्या हातून आपली ही परंपरा तयार झाली आहे.

तारा काढणं हा तर आपल्याकडे थोरांचा मार्ग आहे. विलायत खाँसाहेबांनी सतारीवरून खर्ज काढून टाकला. त्यांना सतारीतून गळा काढायचा होता, आणि खालची ती घनघोर गाज त्यांच्या गायकीच्या आड येत होती. याच बनारसमध्ये 1920 साली जन्मलेल्या रविशंकरांनी खर्ज ठेवला, कारण त्यांना आलापात तो हवा होता. दोघांनीही आपल्याला काय वाजवायचं आहे ते आधी ठरवलं, तारा मागाहून. खाँसाहेबांच्या सतारीला पांगळी म्हणायची या गृहस्थांची छाती आहे का? नाही. तिथे ते डोळे मिटून मान डोलावतील. पाश्चात्त्यांचं उदाहरण हवं असेल तर रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनी सहावी तार काढून पाच तारांवर आपली अख्खी शैली उभी केली.

उलट बाजू पाहा. विश्वमोहन भट्टांच्या मोहन वीणेवर तरफा आणि चिकारी धरून वीसेक तारा असतात. 1994 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाल्यावर त्या तारांचं किती कौतुक झालं! काशीच्याच कमला शंकर यांनीही आपली शंकर गिटार घडवली. या सगळ्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण मोहन वीणेवर राग प्रत्यक्ष चालतो तो तीन-चार तारांवर. बाकीच्या झंकारतात, साथ देतात. तारांच्या आकड्यावरून वाद्याची पायरी ठरवणारे लोक कानांनी ऐकत नाहीत, डोळ्यांनी मोजतात.

चार तारांची गिटार, म्हणजे टेनर गिटार, ही काही माझी लहर नव्हे. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या जॅझ वाद्यवृंदांना बॅंजोऐवजी गिटार हवीशी झाली. बॅंजोवाल्यांचा हात चार तारांवर, षड्ज-पंचमाच्या अंतरावर बसलेला. त्यांच्यासाठी गिब्सन आणि मार्टिन यांनी चार तारांची, आखूड दांडीची गिटार बाजारात आणली. टायनी ग्राइम्स तीच घेऊन आर्ट टेटमसारख्या वादळी पियानोवादकाच्या जोडीला बसले. तिथे कोणी त्यांच्या खुंट्या मोजल्या नाहीत.

आता माझ्या बाजूच्या उतावळ्यांनाही सुनावतो, कारण त्यांच्यामुळेच या टीकाकारांचं फावतं. दोन तारा उपटल्या की टेनर गिटार होत नाही. टेनरचं मूळचं लावणं सी-जी-डी-ए, आणि वरचा ए 440 कंपनांचा. टेनरच्या तेवीस इंचांवर तो सुखाने लागतो. साध्या गिटारच्या साडेपंचवीस इंचांवर पोलादी तार तिथवर ताणली की तुटायच्या काठावर येते. जाड तार घालून काही साधत नाही. जाडीबरोबर ताण वाढतो आणि तुटायचा सूर तोच राहतो. म्हणून एकतर दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून लांबी पावणेतेवीस इंचांवर आणा, नाहीतर मी केलं ते करा: सहावी आणि तिसरी तार काढा, पाचवी ए वरून जी वर आणि दुसरी बी वरून ए वर उतरवा, चौथी आणि पहिली जागच्या जागी ठेवा. जी-डी-ए-ई. व्हायोलिनचंच लावणं, एक सप्तक खाली.

मग उरते कारागिरी. जुन्या नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा पेलणाऱ्या पट्टीच्या, खाचांत या चार तारा ठेवल्या तर मधोमध दुप्पट अंतराची फट राहते आणि बोटं चुकतात. हाडाचा नवा नट घासून चार खाचा समान अंतरावर पाडाव्या लागतात. सहा तारांचा ताण 70 किलोच्या वर असतो, या चारांचा 45 च्या आसपास येतो. ट्रस रॉड सैल केला नाही तर दांडी मागे वाकून तारा पडद्यांवर खरखरतात. एवढं न करता कोणी वाजवायला बसला तर वाद्य खरोखरच वाईट वाजतं, आणि दोष चार तारांच्या माथी बसतो.

पण हे कशासाठी? गांधारासाठी. सहा तारांवरचे नेहमीचे कॉर्ड धरले की त्यात गांधार आपसूक येतो. पडद्यांनी बांधलेला हा गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराहून सुमारे 14 सेंट चढा असतो. भजनाला, अभंगाला, रागावर बेतलेल्या पदाला गिटारची साथ करणारे शेकडो जण हा चढा गांधार गाणाऱ्याच्या कानात ओततात, आणि बिचारा गायक सूर कुठे सुटतोय ते शोधत राहतो. पंचमाच्या लावण्यावर मी फक्त सा आणि प धरतो. पांढरी पाचच्या गळ्याला माझ्या मोकळ्या तारा सा, प, रे, ध देतात, पांढरी दोनला म, सा, प, रे. पंचमात पडद्याची चूक जेमतेम दोन सेंट. गांधार गाणाऱ्याचा, तो त्याला हवा तिथे लावू दे. या कामात सहा तारा जास्त आणि चार पुरेशा आहेत, हे ऐकून ठरवता येतं. बनारस हिंदू विद्यापीठात एन. राजम यांनी अनेक वर्षं शिष्यांना व्हायोलिन शिकवलं, मराठी मुलखात गजाननराव जोशींनी आणि दातारांनी चार तारांतून अख्खा ख्याल उभा केला. चार तारा तोकड्या पडतात असं या जाणकारांना तेव्हा कधी वाटलं नाही.

आणि 'वाद्य खराब केलंत' या आरोपात तर कणभर तथ्य नाही. माझ्या गिटारच्या लाकडाला कानस लागलेली नाही. ब्रिजला नवं भोक नाही, दांडी तासलेली नाही, सहाही खुंट्या जागेवर आहेत. नट तेवढा बदललाय, जुना खोक्यात जपून ठेवलाय. कुणाला सहा तारा हव्या असतील तर संध्याकाळच्या आत बसवून देतो. गिटार दुरुस्तीच्या दुकानांनी हे काम याच पद्धतीने करावं. 'असलं आम्ही करत नाही' म्हणत गिऱ्हाइकाला परत पाठवणाऱ्यांनी आधी एका जुन्या गिटारवर नट घासून बघावा, चार तारा लावाव्यात, आणि गाणाऱ्या बाईंना समोर बसवून एक अभंग म्हणायला सांगावा.