समुद्राचा पहिला घासच धोक्यात

पनवेलच्या मासळी बाजारात जिताडा काय भावाने मिळतो, याची चर्चा या शहरात घरोघरी होते. तो जिताडा कशावर वाढतो, याची चर्चा मात्र होत नाही. ती आता करावी लागेल. खाडीच्या मुखाशी अंड्यातून बाहेर पडलेले जिताड्याचे पिल्लू सुरुवातीचे दिवस काढते ते डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राणी प्लवकांवर. हे प्राणी प्लवक जगतात त्यांच्याहून लहान अशा एकपेशीय वनस्पती प्लवकांवर. जवळा, बोंबील, कोळंबी, बोय, पापलेट यांपैकी काहीही घ्या, हिशेब शेवटी याच अन्नापाशी येऊन थांबतो. हवामान बदलामुळे नेमके हेच अन्न बदलू लागले आहे. अरबी समुद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ गेली वीस वर्षे हे सांगत आहेत. आपल्याकडे मात्र हवामान बदल म्हटले की कडक ऊन, अवकाळी पाऊस आणि चढती समुद्रपातळी एवढीच चर्चा होते.

उत्तर अरबी समुद्राची सुपीकता वाऱ्यांवर अवलंबून आहे. हिवाळ्यात हिमालय आणि तिबेटच्या बर्फाळ पठारावरून कोरडे, गार वारे समुद्राकडे येतात. वरचे पाणी थंड होते, जड होते आणि खाली जाते. त्याच्या जागी नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका असलेले खालचे पाणी वर येते. या खतावर डायटम ही सूक्ष्म वनस्पती फोफावते. सिलिकाचे पारदर्शक कवच असलेली डायटम हे समुद्रातल्या अन्नसाखळीचे सर्वांत सकस खाद्य. पाणी तापले की हे चक्र अडते. गरम पाण्याचा हलका थर झाकणासारखा वर बसून राहतो आणि खालचे खत खालीच राहते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढले. जगातल्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. म्हणजे आपल्या दारातला समुद्र जगाच्या पुढे जाऊन तापतो आहे.

त्याचा परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद झाले आहेत. पूर्वी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले आणि नंतर अमेरिकेत गेलेले जोकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पश्चिम अरबी समुद्रातले वनस्पती प्लवक वाढत असल्याचे मांडले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा निष्कर्ष उलटा होता: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट. वाढ की घट, हा वाद अभ्यासकांना सोडवू द्या. कोळीवाड्यांच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट आहे ती समुद्रात उगवणारे पीकच बदलण्याची.

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमची जागा नॉक्टिल्युका हा हिरवा प्लवक घेऊ लागला आहे. त्याच्या पेशीत हिरवे शैवाल वस्तीला असते, त्यामुळे तो सूर्यप्रकाशावरही जगतो आणि दुसऱ्या प्लवकांना गिळूनही जगतो. खालून खत आले नाही तरी त्याचे अडत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात तो तग धरतो, हे हेल्गा दो रोझारिओ गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले. हिमालय-तिबेटवरचे बर्फ घटल्याने हिवाळी वारे पूर्वीइतके गार आणि कोरडे राहिले नाहीत आणि त्यातून हा बदल होतो आहे, अशी मांडणी २०२० च्या शोधनिबंधात आली. माशांची पिल्ले ज्यांच्यावर वाढतात त्या बहुतेक प्राणी प्लवकांना नॉक्टिल्युका खाता येत नाही. तो खातात मुख्यतः जेलीफिश आणि साल्पसारखे गिळगिळीत जीव. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या उजेडाच्या लाटा उठल्या. लोक मोबाइल घेऊन धावले. तो उजेड पाडणारे जीव याच नॉक्टिल्युका कुळातले मानले जातात. आपण तो सोहळा म्हणून पाहिला. समुद्राची प्रकृती तपासायला हवी, ही जाणीव त्या गर्दीत कुणालाही झाली नाही.

तळाचे अन्न बदलले की वर काय होते, हे उत्तर अटलांटिकने पाहून झाले आहे. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे प्लवक टिपणारी पेटी ओढायला सुरुवात केली. ती पद्धत आजही चालू आहे. त्या नोंदींमुळे कळले की पाणी तापल्याबरोबर उबदार पाण्यातले प्राणी प्लवक चाळीसेक वर्षांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले. उत्तर समुद्रात कॉड माशाच्या पिल्लांना पोसणारे खाद्य गेले. अतिमासेमारीने आधीच खंगलेला कॉड त्यामुळे आणखी खचला.

आपल्या किनाऱ्याची चिन्हेही चांगली नाहीत. वनस्पती प्लवकांवर जगणाऱ्या तारलीचे केरळमधले उत्पादन २०१२ मध्ये ४ लाख टनांच्या आसपास होते. २०२१ मध्ये ते अवघ्या ३,२९७ टनांवर आले. पुढे ती काही प्रमाणात परतली, पण मधल्या वर्षांत हजारो कुटुंबांच्या चुली थंडावल्या. महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासळी उतरली होती, २०१९ मध्ये २.०१ लाख टन. हा ४५ वर्षांतला नीचांक होता. या घसरणीत वादळांचा वाटा आहे, पर्ससीन जाळ्यांचा आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा आहे. सगळे खापर प्लवकांवर फोडणे चूक ठरेल. पण ज्या समुद्रात पिल्लांना पहिला घास मिळण्याची शाश्वती नाही, तिथे अतिमासेमारीची जखम भरून येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले गेले. त्याच्या पिल्लांच्या अन्नाची नोंद ठेवली नाही, तर तो मान कागदावरच राहील.

आता पनवेलच्या खाडीकडे या. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी, तिला मिळणारी काळुंद्रे आणि तळोज्याकडून येणारी कासाडी या नद्यांचे पाणी इथे भरतीला भेटते. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजतो, त्यातली सिलिका पावसाबरोबर खाडीत येते आणि डायटमला कवच मिळते. या नैसर्गिक पुरवठ्यात आपण आपली भर घातली आहे: शहराचे सांडपाणी आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीचे पाणी. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर, सिलिका त्या मानाने नगण्य. असे पाणी वाढत गेले की डायटम मागे पडतात आणि ज्यांना सिलिका लागत नाही असे प्लवक माजतात. ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मुरतो. कासाडीच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादाला लक्ष घालावे लागले. नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पनवेलकरांना नव्या नाहीत. अरबी समुद्रातून येणारे संकट आणि पनवेलच्या गटारातून येणारे संकट यांची गाठ या खाडीतच पडते.

त्यात खाडीचा आकारही बदलला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, पाणथळ जमिनीवर भराव पडला. विकासाला आमचा विरोध नाही. पण खाजणे, चिखलपट्टे आणि तिवरांची वने ही प्राणी प्लवकांची आणि माशांच्या पिल्लांची वाढण्याची जागा आहे. उरण आणि ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळ्यात उतरणारे छोटे रोहित पक्षीसुद्धा निळे-हिरवे शैवाल आणि डायटम गाळूनच पोट भरतात. त्यांना पाहायला गर्दी करणाऱ्या शहराने त्यांच्या अन्नाचीही काळजी वाहिली पाहिजे.

प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात प्लवकांवर एक प्रकरण असते. एखाद्या ऋतूत काही नमुने घेतले जातात, प्रजातींची यादी जोडली जाते, परवानगी मिळते आणि विषय संपतो. दर महिन्याला त्याच जागी, उधाणाच्या मोठ्या आणि भांगाच्या लहान भरतीला, वर्षानुवर्षे नमुने घेतल्याशिवाय बदल कळत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाला दिसणाऱ्या पाण्याच्या रंगावरून मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवते, हे मोलाचे काम आहे. पण आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात चिखलाचा रंग आणि प्लवकांचा रंग उपग्रहाला नीट वेगळा करता येत नाही. इथे होडीच हवी. बारीक विणीचे शंकूच्या आकाराचे जाळे, टोकाला बाटली, नमुना टिकवणारे रसायन आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम सुरू होते. पनवेलच्या महात्मा फुले आणि चांगू काना ठाकूर महाविद्यालयांतील विद्यार्थी हे काम करू शकतील. होडी आणि पाण्याची जाण उरणजवळच्या करंजा, मोरा आणि पनवेल खाडीकाठच्या कोळी बांधवांकडे आहे. जवळ्याचा हंगाम कधी सरकला, डोल जाळ्यात जेलीफिश कधी वाढले, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या या माहितीची नोंद मोबदला देऊन ठेवली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गाढीच्या मुखापासून करंजापर्यंत ठरावीक ठिकाणी दर महिन्याला प्लवकांची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावेत. पनवेल महापालिका आणि सिडकोने सांडपाणी प्रक्रियेत नायट्रोजन आणि फॉस्फरस काढण्याचे लक्ष्य बांधून घ्यावे. प्रक्रिया केलेले पाणी उद्योगांना आणि उद्यानांना वापरावे. तळोज्याच्या सांडपाण्याचे मोजमाप रोज लोकांसमोर यावे. उरल्यासुरल्या पाणथळ जागांवरचा भराव थांबावा. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात ये-जा करणाऱ्या काही जहाजांच्या मागे प्लवक टिपणाऱ्या पेट्या लावण्याचा प्रस्ताव बंदर प्राधिकरणाने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेपुढे ठेवावा. अटलांटिकमध्ये १९३१ साली जे जमले, ते न्हावा-शेव्यात आज न जमण्याचे कारण नाही.

अरबी समुद्र थंड करणे पनवेलच्या हाती नाही. त्यासाठी जगाने कोळसा आणि तेल जाळणे कमी केले पाहिजे. पण खाडीत काय सोडायचे, किती भराव टाकायचा आणि कशाची मोजणी करायची, हे इथेच ठरते. पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि होड्या पाण्यात उतरतात. येत्या हंगामात त्या उतरतील तेव्हा त्यांच्याबरोबर पहिली प्लवक तपासणीही सुरू व्हावी. महापालिका, सिडको, औद्योगिक विकास महामंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागाने तोवर एकत्र बसून निधी आणि जबाबदारी ठरवली नाही, तर जिताडा महाग का झाला याचे उत्तर पुढच्या पिढीला त्यांनाच द्यावे लागेल.