घरसंसार : बुरसलेला सोफा आणि गाद्या

श्रावणातली झड सरून उघडीप मिळू लागली की घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यातून कुबट वास येऊ लागतो. बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीपासून ओढावा, तर मागच्या कापडावर पांढरट-हिरवी भुकटी चढलेली. गादी उलटवावी, तर खालच्या अंगाला काळे ठिपके. गोधड्या, वाकळांचे सोपे असते. घट बसण्याआधी आपण त्या नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन धुतो. सोफा काही पाण्यात बुडवता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःच एक चूक केली. सोफ्यावरची बुरशी ओल्या फडक्याने पुसली, पंखा सोडला आणि वरून प्लॅस्टिक घालून मोकळी झाले. आठ-दहा दिवसांत बुरशी पहिल्यापेक्षा जास्त पसरली. दुपारी त्याच सोफ्यावर लवंडणाऱ्या मामंजींचा दमा उसळला. डॉक्टरांनी तपासता तपासता विचारले, “घरात ओल आहे का?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बुरशी म्हणजे मळ नव्हे, ती जिवंत असते. द्राक्षावरची भुरी आणि भिजलेल्या शेंगांवरची बुरशी शेतकऱ्याच्या घरी नवी नाही. सोफ्यावरचीही त्याच कुळातली. कापूस, लाकूड, धूळ, घामाचा मळ हे तिचे खाणे. त्यात ओल मिळाली की ती फोफावते. तिचे बीजाणू इतके बारीक असतात की झटकताच हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. म्हणून ओल तोडायची आणि बीजाणू घरात उडू द्यायचे नाहीत, या दोन गोष्टी धरून ठेवाव्यात.

आधी बाहेर काढा

कोरड्या, उन्हाच्या दिवशी सोफा व गाद्या अंगणात काढाव्यात. घरात झटकू नयेत, बडवू नयेत. दमेकरी माणूस, लहान मूल आणि गरोदर बाई यांना या कामापासून दूर ठेवावे. नाकातोंडाला एन-९५ मास्क लावावा. नुसता पदर पुरत नाही. औषध फवारताना आपण वारा पाठीवर घेतो, तसाच इथेही घ्यावा आणि मऊ ब्रशने बुरशी हलके झाडून काढावी. काम झाल्यावर ब्रश आणि अंगावरचे कपडे लगेच धुवावेत.

मग दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवावे. गादी दर दोन तासांनी उलटावी. रंगीत कापड विटते, म्हणून ते पालथे घालावे. रेक्झिनला कडक उन्हात तडे जातात, ते सावलीत वाऱ्यावर ठेवावे. दव पडण्याआधी सारे आत घ्यावे.

पुसायचे कसे?

बादलीत थोड्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून हाताने खूप फेस करावा. खालचे पाणी न घेता फक्त फेस स्पंजाने कापडावर फिरवावा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यावा. पाणी आतल्या कापसापर्यंत गेले की केलेले सगळे वाया गेले असे समजा.

डाग राहिलाच तर औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट आणि पाणी समभाग घेऊन फडके जेमतेम ओले करावे व पुसावे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग जातो का ते पाहावे. स्पिरिट चटकन पेट घेते. हे काम बाहेरच करावे आणि जवळपास चूल, बिडी किंवा दिवा नसावा. पुन्हा खडखडीत वाळवावे. जुना काळा डाग पुष्कळदा पुरता जात नाही. बुरशी मेली आणि वास गेला, तर डागाची चिंता करू नये.

हे मात्र करू नका

पिकासाठी आणलेले बुरशीनाशक, गंधक किंवा मोरचूद सोफ्यावर, गादीवर मुळीच मारू नये. ते झाडासाठी असते. आपण त्या गादीवर रात्रभर तोंड टेकून झोपतो. ब्लीचिंग पावडरने रंग उडतो. तिच्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड मिसळले, तर विषारी वायू निघतो. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला हे कसरीसाठी ठेवतात. त्यांनी ओल जात नाही.

आतपर्यंत गेली असेल तर

दोनदा ऊन देऊनही कुबट वास येत असेल, तर खोळ थोडी उसवून पाहावी. आतला कापूस काळा पडून गोळे झाला असेल, तर त्याचा मोह सोडावा. तो पिंजाऱ्याकडे पुन्हा पिंजायला देऊ नये. ती सगळी धूळ त्या बिचाऱ्याच्या छातीत जाते. निव्वळ कापूस असेल तर उकिरड्यात पुरावा. फोम मात्र चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. लाकडी सांगाडा धडधाकट असेल तर पुसून, वाळवून नवी गादी भरून घ्यावी. लग्नात आलेली वस्तू म्हणून जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. पण घरच्या माणसाच्या श्वासापेक्षा ती मोठी नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा, म्हणजे मागून वारा खेळतो. गादी थेट फरशीवर नको, खाली फळ्या किंवा खाट हवी. प्लॅस्टिकऐवजी धुता येणारी सुती खोळ घालावी. ओले कपडे त्याच खोलीत वाळत घालू नयेत. पाऊस थांबला की खिडक्या उघडाव्यात. गादी भिजलीच, तर एक-दोन दिवसांच्या आत सुकवावी. त्यानंतर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आणि भिंतच पाझरत असेल, कौल फुटले असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. घरधनी म्हणतील, “पाऊस संपल्यावर पाहू.” त्यांना सांगा, शेतात पाणी साचले तर तुम्ही आधी चर काढता, मग खत टाकता. घराचेही तसेच आहे.