वासोट्याची वाट

थंडी पडली की ट्रेकर मंडळींच्या तोंडी वासोटा किल्ल्याचं नाव येतंच. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, वन खात्याकडे नोंद करायची आणि ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार करून चढाला लागायचं. जंगल इतकं दाट, की भर दुपारीही वाटेवर ऊन जेमतेम उतरतं. नागेश्वरचा फाटा मागे पडला की हळूहळू झाडी सरते, गवतातून वाट वर निघते आणि बाबूकड्याच्या टोकाशी आलं की समोरची दरी एकदम उघडी पडते. छाती दडपते. तिथे घाई करू नका, आणि कडेला जाऊन फोटो तर मुळीच काढू नका.

हे कोयना अभयारण्य आहे. २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. म्हणून गडावर मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत परत फिरायचं. काहींना हा नियम जाचक वाटतो. मला तो अगदी योग्य वाटतो. अंधार पडल्यावर ती वाट गव्यांची आणि अस्वलांची असते, आपली नव्हे. तेव्हा बामणोली सकाळी लवकर गाठा, स्पीकर घरीच ठेवा आणि बिस्किटांच्या पुड्याचा कागदसुद्धा सॅकमधून परत आणा.