हातातली विद्या आणि हातातला कागद

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे नाव काढले की मंडपात भिरकावला गेलेला जोडा लोकांना आठवतो. ज्या ठरावांवरून तो रणसंग्राम माजला, ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे आदल्या वर्षी कलकत्त्यास संमत झालेले चार ठराव नेमस्त मंडळी पातळ करतील, अशी टिळकपक्षाची धास्ती होती. केवळ कारकून घडविणारे शिक्षण नको, हाताला हुन्नर आणि मनाला स्वाभिमान देणारे शिक्षण हवे, हा विचार त्या चौथ्या ठरावामागे होता. त्याला शतक उलटून गेले. परंतु हुन्नर मोठा की कागद मोठा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आणि आज तो त्याच सुरतेत ठळकपणे उभा आहे.

जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे भारतात घासले जातात, आणि त्यांतील बहुतेक सुरतेत. हे काम करणारे रत्नकलाकार कोणत्या विद्यापीठात शिकले? बहुसंख्य तरुण शाळा अर्धवट सोडून सौराष्ट्रातील खेड्यांतून आले, जाणत्या कारागिराशेजारी घंटीवर बसले आणि नजर व बोटे यांच्या बळावर विद्या संपादन करून उठले. मालकाने त्यांना गुणपत्रिका विचारली नाही. हातात खडा दिला, घासून झाल्यावर भिंगाखाली पाहिला आणि निर्णय केला. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२२ साली हजारो सरकारी पदांसाठीची पदवीची अट काढून टाकली, तेव्हा नव्या विचाराचा शोध लागल्यासारखा गाजावाजा झाला. सुरतेच्या घंटीवर तोच विचार कित्येक दशके निमूटपणे पोट भरीत आला आहे.

मग दुखणे कोठे आहे? दुखणे आहे ते घंटी थांबल्यावर. २००८ च्या जागतिक मंदीत ती थांबली होती. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांची स्पर्धा, रशियन हिऱ्यांवरील पाश्चात्त्य निर्बंध आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास टक्क्यांवर गेलेले अमेरिकेचे आयातशुल्क यांनी तिला पुन्हा धक्के दिले. काम सुटलेला कारागीर दुसऱ्या धंद्याच्या दाराशी जातो, तेव्हा त्याच्यापुढे छापील अर्ज येतो. शिक्षण किती? अनुभवाचा दाखला कोठे? पंधरा वर्षे त्याने नगावर मजुरी घेतलेली असते. नियुक्तिपत्र कधी हाती पडलेलेच नसते. केसाच्या जाडीइतकी चूक ओळखणारा हा माणूस त्या क्षणी ‘अकुशल’ ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच शहरात हिऱ्यांच्या व्यापारासाठी जगातील सर्वांत मोठ्या कार्यालय-इमारतीचे उद्‌घाटन झाले. व्यापाऱ्याला प्रासाद आणि कारागिराला साधा दाखलाही नाही, ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करते.

हा प्रश्न परक्यांचा आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेश सुरतेशी जोडला गेला आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, दिंडोली या वस्त्यांत स्थिरावली. सुरत महापालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात, यावरून त्या वस्तीचा अंदाज यावा. त्यांतील पुरुष यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबतात. बायका घरी बसून साड्यांवर खडे, टिकल्या आणि लेस लावतात. त्यांचे कौशल्य साडीच्या किमतीत मोजले जाते, त्यांच्या मजुरीत मात्र नाही.

उपाय नाहीत असे नाही. पूर्वी मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आहे. १९७८ साली स्थापन झालेली इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट सुरतेतच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, परीक्षा कारागिराच्या दाराशी न्यावी, ती प्रश्नपत्रिकेवर न होता घंटीवर व मागावर व्हावी आणि गुजराती, मराठी, उडिया अशा त्याच्या भाषेत व्हावी. मालकांनीही त्या प्रमाणपत्राला किंमत द्यावी, जेथे पदवीची खरोखर गरज नाही तेथे जाहिरातीतून ती अट गाळावी आणि उमेदवाराकडून प्रत्यक्ष काम करवून पाहावे. त्या दिवसाची मजुरी अर्थातच चुकती करावी.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. ‘आम्ही कागद पाहत नाही, काम पाहतो’ हे वाक्य उदार वाटते. परंतु ज्याच्यापाशी कागद नाही त्याला भविष्यनिर्वाह निधी नको, रजा नको, कमी मजुरीही चालेल, असा त्याचा अर्थ करणारे महाभाग कमी नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्या तरतुदीची कसून अंमलबजावणी झाली, तर कारागिराच्या अनुभवाची पहिली लेखी नोंद आपोआप होईल. घरी खडे लावणारी बाई त्या कक्षेत सहजी येत नाही. तिच्यासाठी वेगळी नोंदणी सरकारनेच केली पाहिजे.

आपल्या गोमंतकानेही यातून बोध घ्यावा. सरकारी नोकरी लावून देतो असे सांगून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे २०२४ साली येथे उघडकीस आली. ज्या समाजात अंगच्या गुणांची कसोटी घेणारी विश्वासार्ह व्यवस्था नसते, तेथे पदाचा बाजार भरतो. मुलाच्या हातातील विद्या विकायला गिऱ्हाईक नाही, म्हणून बाप घर गहाण टाकून खुर्ची विकत घेऊ पाहतो. होडी बांधणारा, इंजिन दुरुस्त करणारा, उत्तम स्वयंपाक करणारा तरुण आपल्याकडेही ‘नापास’ या एका शब्दाखाली गाडला गेला आहे. त्याची परीक्षा त्याच्या कामावर घ्या, निकाल त्याच्या हातात लेखी द्या आणि कायद्याने ठरलेला मोबदला द्या. राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या जुन्या ठरावाचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.