चुंबकाची फुकट वीज आणि व्यापाऱ्याचा हिशेब

उन्हाळा चढू लागला की लातूरच्या डाळमिलपासून नांदेडच्या नव्या मोंढ्यातील अडत दुकानापर्यंत विजेच्या बिलाची चर्चा सुरू होते. नेमक्या अशा दिवसांत मोबाईलवर एखादे चलचित्र येते. टेबलावर एक चाक, चाकाच्या कडेला चुंबके, शेजारी तांब्याच्या तारेचे वेटोळे. हाताने एक हिसका दिला की चाक फिरते, फिरतच राहते आणि बाजूचा दिवा लागतो. खाली मजकूर असतो : डिझेल नको, ऊन नको, महावितरणची जोडणी नको. पाच किलोवॉटचा संच समजा दीड लाखात, आणि तालुक्याची एजन्सी घेणाऱ्यास विशेष सवलत.

हा प्रस्ताव खरा की खोटा हे ठरवण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. ज्याला रोजमेळ जुळवता येतो, त्याला हेही जुळवता येते. पाच किलोवॉटचा संच अखंड चालला तर दिवसाला १२० युनिट वीज देईल. युनिटला सर्व आकारांसह दहा रुपये धरले, तर ही वीज दिवसाला १,२०० रुपयांची आणि वर्षाला ४ लाख ३८ हजारांची झाली. यंत्राची किंमत सव्वाशे दिवसांत वसूल होते आणि पुढे कच्च्या मालाचा खर्च शून्य. अशी दुभती गाय दीड लाखात विकून टाकणारा मनुष्य एक तर फार मोठा दाता असला पाहिजे, नाही तर गोठ्यात गायच नसली पाहिजे. बाजारात दात्यांची संख्या किती असते, हे व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको.

तरीही भली माणसे या मोहात सापडतात, आणि त्यात नवलही नाही. हा मोह जुना आहे. सातव्या शतकात राजस्थानातील भिनमाळ येथे, म्हणजे आपल्यातील अनेक कुळे ज्या श्रीमाळाचे नाव सांगतात तेथेच, ब्रह्मगुप्तांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले. पुढे भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त तसेच एक यंत्र सांगितले : हलक्या लाकडाचे चाक, त्याला पोकळ आरे, आणि ते आरे पाऱ्याने अर्धे भरलेले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. एवढ्या थोर गणितज्ञालाही कल्पना मोहक वाटली. प्रत्यक्षात ते चाक फिरत राहत नाही. एका बाजूचा पारा कडेकडे सरकतो आणि ओढ वाढवतो हे खरे. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूला जास्त आरे येऊन बसतात. जमा आणि नावे सारखेच होते, आणि घर्षणाची घट सोसून चाक थांबते. आचार्यांचा मान यामुळे उणावत नाही; त्यांनी यंत्राची एजन्सी कोणाला विकली नव्हती.

चुंबकाच्या बाबतीतही हाच जमाखर्च आहे. चुंबकात बळ आहे, पण बळ म्हणजे ऊर्जा नव्हे. घराचा खांब वर्षानुवर्षे छत पेलतो, म्हणून त्यातून वीज काढता येत नाही. चुंबक लोखंडाला ओढून घेताना जेवढे देतो, तेवढेच ते लोखंड सोडवताना परत घेतो. ज्यांनी तरुणपणी सायकलवर डायनॅमो लावला होता, त्यांच्या पायांना याची आठवण असेल. डायनॅमो चाकाला टेकवला की दिवा लागे आणि पायडल जड होई. दिव्याचा प्रकाश पायांच्या खर्चातून येत असे. यंत्र मोठे केले, चुंबके भारी घेतली, तरी दिवा लावताच चाक जड होणारच.

सरकारी वीजप्रकल्पही या नियमातून सुटत नाहीत. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवले जाते आणि मागणीच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज घेतली जाते. चढवण्यास लागलेली वीज परत मिळणाऱ्या विजेपेक्षा नेहमी अधिक असते. लाभ असतो तो वेळेचा. धान्य साठवून तेजीत विकावे तसा. पण कोठारात ठेवलेल्या धान्याचे वजन कोठारातच वाढते, असा दावा तेथील अभियंते करीत नाहीत.

मग चलचित्रातील दिवा लागतो कसा? बहुधा पाटाखाली दडवलेल्या बॅटरीवर, किंवा दिव्याच्या पोटातच असलेल्या बॅटरीवर. असे इन्व्हर्टर दिवे आज कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. अमेरिकेत जॉन कीली याने १८७२ पासून अशाच एका अद्भुत मोटारीवर भागधारकांचा पैसा गोळा केला. १८९८ साली तो मरण पावल्यावर त्याच्या कार्यशाळेच्या तळघरात दाबलेली हवा साठवण्याजोगा लोखंडी गोळा आणि नळ्या सापडल्या. साधन बदलले आहे, जागा तीच आहे : प्रेक्षकाच्या नजरेखालची.

दुसरी युक्ती मीटरची. चाक नुसते फिरत असताना मीटरवर २३० व्होल्ट दाखवले जातात आणि पाहणारा भारावतो. व्होल्ट म्हणजे वीज किती मिळते याचे माप नव्हे. वजनावाचून तराजूचा काटा दाखवण्यासारखेच ते आहे. यंत्रावर भार टाकावा लागतो, आणि तो पुरेसा वेळ ठेवावा लागतो.

वेळ का, तेही हिशेबानेच कळते. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरली तर त्यात १.८ युनिट असतात. दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकाला ती पुरून उरते. पण एक किलोवॉटचा हीटर सलग तीन दिवस चालवला तर ७२ युनिट लागतात, म्हणजे तशा चाळीस बॅटऱ्या. त्या कोणत्याही पेटीत लपत नाहीत. म्हणून चाचणी आपल्या गोदामात, आपल्या विश्वासातील वायरमनच्या मीटरवर, यंत्र चारही बाजूंनी मोकळ्या लाकडी बाकावर ठेवून आणि बाहेरची एकही तार न जोडता व्हावी. विक्रेता ‘आमच्या कारखान्यात या’, ‘यंत्र उघडले की गुपित फुटते’, ‘भार हळूहळू वाढवावा लागतो’ असे म्हणू लागला, तर चहा पाजून निरोप द्यावा.

आयर्लंडमधील स्टिऑर्न या कंपनीने २००६ साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात जाहिरात देऊन चुंबकांतून फुकट ऊर्जा मिळवल्याचा दावा केला आणि परीक्षणासाठी वैज्ञानिकांना आवाहन केले. २००७ साली लंडनमधील जाहीर प्रात्यक्षिक रद्द करावे लागले. २००९ साली परीक्षक मंडळाने एकमताने सांगितले की ऊर्जानिर्मिती सिद्ध झालेली नाही. तरीही गुंतवणूकदार पैसे घालत राहिले, आणि २०१६ साली कंपनीचा कारभार आटोपला.

कागदपत्रांचे वजनही नीट तोलावे. जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, कंपनीचा दाखला यांवरून विक्रेता अस्तित्वात आहे एवढेच ठरते. पेटंटच्या अर्जाचा क्रमांक म्हणजे अर्ज पोहोचल्याची पावती. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ (अ) नुसार प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या दाव्याला पेटंट मिळतच नाही. अमेरिकेत मात्र १९७९ साली हॉवर्ड जॉन्सन यांना कायम चुंबकांच्या मोटारीचे पेटंट मिळाले होते, आणि विक्रेते ते आवर्जून दाखवतात. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. आज ती मोटार कोणीही बनवू शकतो. ती चालत असती, तर कोइमतूर आणि राजकोटच्या मोटार कारखानदारांनी एव्हाना तिचे ढीग घातले असते.

खरा धोका यंत्र विकत घेण्यात नाही, एजन्सी घेण्यात आहे. एक यंत्र बुडाले तर दीड लाख गेले. एजन्सीसाठी अनामत भरलेला व्यापारी मात्र स्वतःच विक्रेता होतो, आणि पहिली गिऱ्हाइके कोण? साडू, व्याही, मंदिराच्या विश्वस्त मंडळातील सहकारी, उदगीर-देगलूरचे आडतिये. कंपनीचा फोन बंद पडतो तेव्हा हे सारे त्याच्याच ओट्यावर येतात. तीन पिढ्यांची पत एका हंगामात संपते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल देणे, वेगळे सांगितले आहे. आपल्याला माहीत नव्हते, हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो.

कायद्याचीही एक बाजू या मंडळींच्या ध्यानात येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणारा सामान्यतः ‘ग्राहक’ धरला जात नाही. स्वयंरोजगाराने चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूंपुरता अपवाद आहे. म्हणजे ग्राहक आयोगाचे तुलनेने स्वस्त दार एजंटला बहुधा बंद. उरतात दिवाणी दावा आणि फसवणुकीची पोलीस फिर्याद. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे; उशिरा कळवल्यास रक्कम गोठवता येण्याची शक्यता घटत जाते.

चुंबकाच्या नावानेच बिचकावे असेही नाही. नव्या बीएलडीसी पंख्यांत कायम चुंबके असतात; जुना पंखा पाऊणशे वॉट घेतो तेथे ते तीस-पस्तीस वॉटमध्ये चालतात. ती बचत आहे, निर्मिती नव्हे. छतावरील सौर संचही ऊर्जा निर्माण करीत नाही, सूर्याकडून आलेली जमा करून घेतो. मराठवाड्याच्या उन्हात एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरावेत, आषाढ-श्रावणात कमी. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठीच्या तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. दुकान आणि डाळमिल यांना ते मिळत नाही.

डाळमिलसारख्या मोठ्या छतांसाठी काही सौर कंपन्या वेगळा करार करतात : संच कंपनीचा, छत मालकाचे, आणि मीटरवर येतील तेवढ्या युनिटचेच पैसे. चुंबकाच्या यंत्राचा विक्रेता दारी आला, तर हाच करार त्याच्यापुढे ठेवावा. यंत्र तुमचे, जागा आमची, अनामत नाही, आगाऊ रक्कम नाही. महावितरणच्या दरापेक्षा दोन रुपये कमी दराने जेवढी वीज द्याल तेवढी घेऊ, आणि दर आठवड्याला रोख चुकते करू.