कर्ज घ्या, पण वहीत मांडून

रोहिणखेडमध्ये बारावीच्या निकालानंतर घरोघरी एकच प्रश्न असतो, फी कुठून आणायची? कपाशी-सोयाबीनचा पैसा हातात येतो दिवाळीच्या आसपास, कॉलेजला तो त्याआधी हवा असतो. मग अम्मीचे दागिने गहाण जातात किंवा शेकडा तीन रुपये महिन्याने उसने आणले जातात. म्हणजे वर्षाला 36 टक्के. गंमत अशी की, यातली काही घरं 'सूद नको' म्हणून बँकेची पायरी चढत नाहीत.

व्याजाचा मसला ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा, तो माझा प्रांत नाही. बिनव्याजी कर्ज-ए-हसना मिळत असेल तर आधी तेच घ्या. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज 3 टक्क्यांचं आहे. पण या वाटा बंद झाल्या म्हणून सावकार गाठणं, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

आता बँकेचं गणित. समजा इंजिनीअरिंगला चार वर्षं दरवर्षी एक लाख घेतले, व्याज 9 टक्के धरू. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पाच वर्षांत ते सरळव्याजाने 1 लाख 26 हजार होतं. तेव्हा दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना साधारण 6,660 रुपये. व्याज त्या-त्या महिन्याला भरत गेलात तर मुद्दल चार लाखच राहतं आणि हप्ता 5,070 च्या घरात येतो.

आणि हे महिन्याचं व्याज किती? पहिल्या वर्षी 750 रुपये. दुसऱ्या वर्षी 1,500, तिसऱ्या वर्षी 2,250, चौथ्या वर्षी 3,000. दहावीच्या दोन-तीन पोरांना गणित शिकवून एवढं निघतं. अर्धवेळ कामाने सगळी फी निघत नाही. ती काढायला गेलेले माझे काही मित्र रात्रपाळीत अडकले आणि विषय राहिले. व्याज आणि मेसचा थोडा भार, एवढंच कामावर टाका. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मिळत नसेल तर ते काम नको.

'कमवा व शिका' हा काही नवा शोध नाही. भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात तेच रुजवलं. त्याआधी त्यांच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने विकले होते. आज विद्यापीठांच्या कॉलेजांत ग्रंथालयात, कार्यालयात तासांवर काम मिळतं. प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच विचारा, जागा मोजक्या असतात.

कर्जाआधी मात्र महाडीबीटीवर अर्ज भरा. व्यावसायिक शिक्षणासाठी अल्पसंख्याकांची राज्य शिष्यवृत्ती तिथेच आहे. बागवान, मोमीन, अत्तार अशा बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, तरी दाखला काढलेला नसतो. नॉन-क्रिमीलेअरसाठी तहसीलला पाच चकरा होतात. त्या मे महिन्यात मारा, प्रवेशाच्या आदल्या दिवशी नाही. आणि गावातल्या मशीद कमिट्यांना एक विनंती: जूनमध्ये जुम्म्यानंतर तासभर एक टेबल मांडा. कागद तपासायला गावातले दोन पदवीधर बसवा. मी सुट्टीत येतो तेव्हा एक खुर्ची माझी धरा.